क्वेरीच्या उत्तरातली एक ओळ म्हणजे एक तलाव नव्हे

प्रश्न थोडक्यात असा आहे. नागपुरातल्या एका वाचनालयाच्या संकेतस्थळावर शहरातले तलाव आणि जुन्या वास्तू दाखवायच्या आहेत. माहिती विकिडेटावरून, म्हणजे कुणालाही वापरता आणि संपादित करता येणाऱ्या माहितीच्या साठ्यातून, स्पार्कल या भाषेत लिहिलेल्या क्वेरीने (मागणीने) घेतली आहे. विकिडेटाच्या क्वेरी सर्व्हिसच्या पानावर, जिथे अशी क्वेरी चालवून बघता येते, नकाशा नीट दिसतो. तेच उत्तर स्वतःच्या पानावर आणलं की तक्त्यात काही नावं चार-सहा वेळा येतात, काही ठिकाणं नकाशावर येतच नाहीत, आणि पान कधी पटकन उघडतं तर कधी नुसतं फिरत राहतं. शेवटी विचारलंय, ‘यासाठी लीफलेट घेऊ, डी३ घेऊ की गूगल चार्ट्स?’ हे तिन्ही नकाशे-आलेख काढायला वापरायचे तयार कोडचे संच आहेत; त्यांना लायब्ररी म्हणतात.

लायब्ररीचं मी शेवटी बघते, कारण तुमच्या तीन तक्रारींपैकी एकही चित्र काढणाऱ्या लायब्ररीमुळे आलेली नाही. कुठलीही घेतलीत तरी त्या तशाच राहतील. खरी अडचण त्याच्या आधीची आहे: क्वेरीचं उत्तर ज्या आकारात येतं आणि चित्राला जो आकार लागतो, त्यात फरक आहे. तो फरक कुणीतरी बसून मिटवावा लागतो. आणि ती क्वेरी कुणी, किती वेळा चालवायची, हेही ठरवावं लागतं. माझा बहुतेक वेळ या दोन कामांत जातो, चित्र काढण्यात फार थोडा.

त्याआधी एक सोपी वाट सांगून ठेवते. वाचनालयाकडे कोड सांभाळणारं कुणी नसेल आणि फक्त एक नकाशा हवा असेल, तर विकिडेटा क्वेरी सर्व्हिसच स्वतःचा निकाल आयफ्रेमने, म्हणजे पानातल्या एका चौकटीत, तुमच्या पानात बसवू देते. क्वेरीच्या वर डीफॉल्ट व्ह्यूची, म्हणजे निकाल कुठल्या रूपात दाखवायचा ते सांगणारी, एक ओळ लिहिली की नकाशा, चित्रांची जाळी, कालपट, स्तंभालेख यांपैकी हवं ते मिळतं. त्यात रंगरूप तुमच्या हातात राहत नाही, आणि पान उघडलं की दर वेळी क्वेरी ताजी चालते. पण एखाद्या शिक्षकाला वर्गात दाखवायला किंवा छोट्या प्रदर्शनाला हे पुरतं. कोड लिहिण्याआधी हे पुरेसं आहे का, ते प्रामाणिकपणे तपासा. वाचनालयाचं पान पुढची काही वर्षं टिकायचं असेल, तर मात्र पुढचं वाचा.

आता नावं चार-सहा वेळा का येतात, ते बघू. समजा अंबाझरीच्या नोंदीत ‘हे काय आहे’ या गुणधर्माला, म्हणजे पी३१ला, दोन उत्तरं आहेत: कुणी तलाव लिहिलंय, कुणी जलाशय. आणि चित्रं, म्हणजे पी१८, तीन आहेत. तुमच्या क्वेरीने प्रकारही मागितला आणि चित्रही मागितलं. स्पार्कल जुळणाऱ्या प्रत्येक जोडीची एक ओळ देतं. दोन प्रकार गुणिले तीन चित्रं, अंबाझरीच्या झाल्या सहा ओळी. त्यात कुणी नाव घेताना भाषेची गाळणी लावली नसेल, तर जितक्या भाषांत नाव लिहिलेलं आहे तितक्या पटीत हे आणखी वाढतं.

नकाशावर हे कळत नाही, आणि तिथेच फसायला होतं. सहाही खुणा एकाच बिंदूवर, एकावर एक पडतात. डोळ्यांना एकच दिसते. म्हणून क्वेरी सर्व्हिसच्या पानावर तुम्हाला सगळं बरोबर वाटलं. तक्ता केला की सहा ओळी दिसतात. आणि ‘तलाव किती, वास्तू किती’ असा स्तंभालेख केला, तर अंबाझरी एकटी सहा जागा खाते आणि कुणालाच शंका येत नाही. मला सगळ्यात जास्त काळजी या तिसऱ्या प्रकाराची वाटते. तक्ता चुकला तर वाचक कळवतात. स्तंभालेख चुकला तर तो शाळेच्या प्रकल्पाच्या वहीत जातो.

क्वेरीत डिस्टिंक्ट (‘सारख्या ओळी एकदाच दे’) लिहून हे सुटत नाही, कारण त्या सहा ओळी एकमेकींपेक्षा खरोखरच वेगळ्या आहेत. उपाय दोन. क्वेरीतच ग्रुप बाय लावून प्रत्येक ठिकाणाची एक ओळ करायची, चित्रांपैकी सॅम्पलने एक घ्यायचं आणि प्रकार ग्रुप कॉनकॅटने एका रकान्यात जोडायचे. किंवा ओळी येतील तशा येऊ द्यायच्या आणि आपल्या कोडमध्ये ठिकाणाच्या यूआरआयवरून, म्हणजे विकिडेटावरच्या त्याच्या पत्त्यावरून, त्यांचे गट करायचे. काही हजार ओळींपर्यंत मी दुसरी पद्धत घेते. जोडून आलेला मजकूर पुन्हा तोडायचा म्हणजे नवी डोकेदुखी, शिवाय प्रकाराचा मूळ यूआरआय हातचा जातो. एक लक्षात ठेवा, गट नावावरून करू नका. एकाच नावाची दोन देवळं नागपुरात सहज सापडतील. यूआरआय मात्र प्रत्येकाचा वेगळा असतो.

दुसरी तक्रार गायब ठिकाणांची. याला सहसा तीन कारणं असतात, आणि तुमच्याकडे तिन्ही असू शकतात.

पहिलं कारण क्वेरीतच असतं. चित्र किंवा स्थापनेचं साल ऑप्शनलमध्ये, म्हणजे ‘असलं तर दे’ अशा कंसात, न घालता सरळ मागितलं, तर ज्याचं चित्र नाही ते ठिकाण अख्खंच बाद होतं. ऑप्शनल घातलं की ते परत येतं, पण मग जेसॉनमध्ये, म्हणजे उत्तर ज्या मजकुराच्या रचनेत येतं तिच्यात, त्या ओळीत चित्राची किल्लीच (रकान्याचं नावच) नसते. रिकामी नाही, नसतेच. तुमचा कोड डोळे झाकून तिची व्हॅल्यू वाचायला गेला की तिथेच अडखळतो आणि त्यापुढची सगळी ठिकाणं काढायची राहून जातात. ब्राउझरच्या कन्सोलमध्ये (चुका दाखवणाऱ्या खिडकीत) लाल ओळ दिसत असेल तर बहुतेक हेच झालंय.

दुसरं कारण हद्दीचं. ‘नागपूर’ म्हणजे शहर की जिल्हा? पी१३१ने ‘नागपूर शहरात असलेलं’ असं मागितलं, तर ज्यांच्या नोंदीत नुसतं नागपूर जिल्हा लिहिलंय अशा शहरातल्या वास्तू सुटतात. जिल्हा घेऊन खालच्या सगळ्या पातळ्या उलगडल्या, तर रामटेक, काटोल, उमरेड सगळं येतं. यात एक बरोबर आणि दुसरं चूक असं नाही. पानाचा विषय काय, त्यावर ते ठरतं. फक्त शहर हवं असेल तर मी हद्दीऐवजी अंतर वापरते: शहराच्या मध्यावरच्या बर्डीच्या आसपासचा एक बिंदू धरून, त्याभोवती ठरावीक किलोमीटरच्या आत ज्यांचे निर्देशांक (अक्षांश-रेखांश) पडतात ती ठिकाणं. क्वेरी सर्व्हिसमध्ये त्याची सोय आहे. त्यात शहराबाहेरची एखादी नोंद येते, पण ती हाताने वगळता येते. न आलेली नोंद शोधणं त्यापेक्षा फार कठीण.

तिसरं कारण म्हणजे निर्देशांकच नसणं. पी६२५ नाही, तर नकाशावर खूण कुठे ठेवणार? इथे माझं मत ठाम आहे. अशी ठिकाणं गुपचूप गाळू नका. नकाशाच्या खालीच, ‘या ठिकाणांची नोंद आहे पण जागा नोंदलेली नाही’ असं लिहून त्यांची यादी द्या. आणि नकाशाच्या शीर्षकात ‘नागपुरातल्या जुन्या वास्तू’ असं लिहू नका. ‘विकिडेटावर नोंद असलेल्या वास्तू’ असं लिहा. लिंक्ड डेटात, म्हणजे विकिडेटासारख्या एकमेकींना जोडलेल्या नोंदींत, एखादी गोष्ट लिहिलेली नाही याचा अर्थ ती नाही असा होत नाही, इतकाच होतो की अजून कुणी लिहिलेली नाही. महाल भागातला एखादा जुना वाडा नकाशावर दिसला नाही म्हणून मुलांनी तो नाहीच असं समजू नये. तसंच दोन तालुक्यांची तुलना करणारा स्तंभालेख बरेचदा वास्तू किती ते सांगत नाही, कुठल्या भागात नोंदी करणारी माणसं जास्त आहेत ते सांगतो.

निर्देशांकांचा विषय निघालाच आहे तर एक नेहमीचा गोंधळ. उत्तरात जागा ‘पॉइंट’ या शब्दानंतर कंसात येते, आणि त्यात रेखांश आधी, अक्षांश नंतर असतो: ७९.०९ आणि मग २१.१५. लीफलेटला मात्र अक्षांश आधी लागतो. जसेच्या तसे दिले तर बर्डीचा किल्ला थेट आर्क्टिकमध्ये, नॉर्वेच्या स्वालबार्ड बेटांपाशी जाऊन बसतो. खुणा काढल्यात पण नकाशा रिकामा दिसतोय, असं झालं तर आधी नकाशा लहान करून वर उत्तरेकडे बघा. कायमचा उपाय म्हणजे उत्तर एकदाच जिओजेसॉनमध्ये, म्हणजे नकाशांसाठीच्या जेसॉनमध्ये, बदलून ठेवायचं. त्यातही रेखांशच आधी असतो आणि लीफलेट जिओजेसॉन स्वतःहून बरोबर वाचतं. मग उलटापालट करायचा प्रश्नच येत नाही.

तारखांचा मुद्दा जरा सावकाश सांगते, कारण नागपुरात बसून ही चूक दिसत नाही. मध्यवर्ती संग्रहालय, आपला अजब बंगला, १८६३ सालचा. नोंदीत नुसतं साल असलं तरी क्वेरीच्या उत्तरात ते पूर्ण तारखेच्या रूपात येतं: १ जानेवारी १८६३, मध्यरात्र, जागतिक वेळ. तुमच्या कोडने ती तारीख तशीच छापली, तर संग्रहालय १ जानेवारीला स्थापन झालं असं पान सांगू लागतं. तसं कुणीच म्हटलेलं नाही. आणि कोडने ब्राउझरच्या स्थानिक वेळेप्रमाणे वर्ष काढलं, तर आपल्याकडे १८६३च दिसतं, कारण आपण जागतिक वेळेच्या पुढे आहोत. अमेरिकेत राहणारा नागपूरकर तेच पान उघडतो तेव्हा त्याला ३१ डिसेंबर १८६२ दिसतं. आपण कितीही वेळा तपासलं तरी आपल्याला ते सापडत नाही.

वर्ष हवं असेल तर जागतिक वेळेप्रमाणेच काढा. आणि तारीख किती नेमकी आहे हे हवं असेल, तर क्वेरीत गुणधर्माआधी लिहिलेला, नुसती किंमत देणारा साधा डब्ल्यूडीटी उपसर्ग सोडून संपूर्ण विधानापर्यंत जावं लागतं; तिथे नेमकेपणाचा आकडा असतो. ११ म्हणजे दिवसापर्यंत नेमकं, १० म्हणजे महिना, ९ म्हणजे फक्त वर्ष, ७ म्हणजे शतक. १४ ऑक्टोबर १९५६चा धम्मदीक्षेचा दिवस आणि १८६३ हे नुसतं साल, ही दोन्ही एकाच कालपटावर ठेवायची असतील, तर एक बिंदू आणि दुसरी वर्षभराची पट्टी काढा. वाचकाला न सांगताही फरक कळतो.

आकड्यांबाबत एकच: जेसॉनमध्ये सगळ्या किमती मजकूर म्हणून येतात, क्षेत्रफळसुद्धा. आधी त्यांचा अंक करा, नाहीतर क्रम लावताना ९ हा १०च्या नंतर जाऊन बसतो.

आता तिसरी तक्रार, पान अडकण्याची. तुमचं पान दर वाचकागणिक विकिडेटाच्या सर्व्हरला क्वेरी पाठवतं. त्या सर्व्हरवर एका क्वेरीला ६० सेकंदांची मर्यादा आहे, आणि एकाच ठिकाणाहून फार मागण्या आल्या की तो ४२९ हा क्रमांक पाठवून थांबायला सांगतो. वाचनालयातले दहा संगणक एकाच इंटरनेट जोडणीवर असतील, तर त्या सर्व्हरला ते सगळे मिळून एकच दिसतात. शाळेची सहल आली, सगळ्यांनी एकदम पान उघडलं, की अडकलंच.

मी जवळपास कधीच पानातून थेट क्वेरी चालवत नाही. नागपूरचे तलाव दर मिनिटाला बदलत नाहीत. क्वेरी रात्री एकदा, किंवा आठवड्यातून एकदा चालवायची. उत्तराचे गट करून, तारखा आणि निर्देशांक नीट करून एक जेसॉन फाइल बनवायची आणि ती आपल्या सर्व्हरवर ठेवायची. पान फक्त ती फाइल वाचतं. ठरल्या वेळी काम आपोआप चालवणाऱ्या क्रॉनने करा, गिटहब ॲक्शन्सने करा, नाहीतर महिन्यातून एकदा हाताने करा, काहीही चालेल. पानाच्या तळाशी ‘माहिती अमुक तारखेला घेतली’ हे मात्र लिहा.

या कामात एक कडी घालाच: नवी फाइल जुनीच्या जागी ठेवण्याआधी ओळी मोजा. काल जितकी ठिकाणं होती त्याच्या निम्मीच आज आली, तर नवी फाइल बाजूला ठेवून जुनीच राहू द्या आणि स्वतःला ईमेल पाठवा. कुणीतरी एखाद्या वर्गाची रचना बदलली, ‘जलाशय’ कुठल्या वर्गाखाली मोडतो ते हलवलं, की तुमची क्वेरी एका रात्रीत अर्धी रिकामी होऊ शकते. माहिती सगळ्यांना संपादित करता येते, तिचं बळही तेच आहे. तेव्हा राखण आपण करायची.

सगळ्यांना संपादित करता येते यातून आणखी एक गोष्ट येते, आणि ती सुरक्षिततेची आहे. उत्तरात आलेलं नाव किंवा वर्णन कधीही थेट एचटीएमएल म्हणून, म्हणजे पानाचा चालणारा कोड म्हणून, पानात टाकू नका. साधा मजकूर म्हणूनच टाका. लीफलेटच्या पॉपअपला (खुणेवर उघडणाऱ्या चौकटीला) मजकुराची ओळ दिली की तो ती एचटीएमएल म्हणूनच वाचतो. त्याऐवजी एक घटक तयार करा, त्यात मजकूर भरा आणि तो घटक पॉपअपला द्या. वाचनालयाच्या पानावर मुलं येतात, तिथे यात ढिलाई नको.

चित्रांचं थोडक्यात. क्वेरीतून येणारा दुवा विकिमीडिया कॉमन्स या चित्रसाठ्यातल्या मूळ चित्राचा असतो, आणि ते अनेक मेगाबाइटचं असू शकतं. दुव्याच्या शेवटी हवी ती रुंदी जोडली की लहान आवृत्ती मिळते. मोबाइलवर बघणाऱ्यांना यानेच सगळ्यात मोठा फरक पडतो. विकिडेटाची माहिती सीसी० परवान्याखाली मुक्त आहे, पण चित्रं तशी असतीलच असं नाही. प्रत्येक चित्राचा परवाना वेगळा असतो, आणि बहुतेकांत छायाचित्रकाराचं नाव देणं बंधनकारक असतं. फुटाळा तलावाचा फोटो काढणाऱ्याचं नाव फोटोखाली असायलाच हवं.

मराठी नावांसाठी, क्वेरीच्या उत्तरात नावं भरणाऱ्या लेबल सर्व्हिसला भाषांचा क्रम द्या: आधी मराठी, मग इंग्रजी. दोन्ही नसतील तर नुसता क्यू आणि त्यापुढचा आकडा, म्हणजे नोंदीचा क्रमांक, दिसतो. असा आकडा दिसला की तो लपवू नका, विकिडेटावर जाऊन मराठी नाव लिहा. पुढच्या वेळी फाइल बनेल तेव्हा तुमच्या पानावर ते आपोआप येईल, आणि तुमच्याच नव्हे, ती नोंद वापरणाऱ्या प्रत्येक पानावर येईल. मला या कामाची गोडी लागली ती यामुळेच. नावांचा क्रम लावताना मराठी लोकेल (भाषेचे नियम) द्या, नाहीतर ‘ळ’ आणि ‘क्ष’ने सुरू होणारे शब्द युनिकोडच्या क्रमाने कुठेतरी मध्येच पडतात. लांब नाव कापायचं असेल तर अक्षरं मोजून कापू नका. काना-मात्रा अक्षरापासून तुटते. ते काम सीएसएसवर, म्हणजे पानाचं रूप ठरवणाऱ्या कोडवर, सोपवा.

आता चित्र कुठलं. ठिकाणं असतील तर नकाशा आणि त्याच्या शेजारी तक्ता, दोन्ही. पान मोठ्याने वाचून दाखवणाऱ्या सॉफ्टवेअरलाही तक्ता कळतो आणि तो छापताही येतो. लिंक्ड डेटा म्हटलं की सगळ्यांना गोल आणि रेषांचं जाळं काढावंसं वाटतं. मी ते शक्यतो टाळते. पन्नास-साठ गोलांच्या पुढे त्यातून काही वाचता येत नाही. नातं हाच विषय असेल तेव्हा मात्र जाळं किंवा झाड हवंच. नागपूरकर भोसल्यांची वंशावळ हे त्याचं चांगलं उदाहरण, आणि सावधगिरीचंही. दुसरे रघुजी हे मुधोजींचे पुत्र, पण जानोजींना दत्तक गेलेले. नोंदीत दोन्ही नावं वडील म्हणून असतील आणि एकावर ‘दत्तक’ असा जादा शेरा असेल, तर डब्ल्यूडीटीने मागितल्यावर तो शेरा गळून पडतो आणि दोन सारख्याच रेषा येतात. डी३ची झाडाची मांडणी तर प्रत्येकाला एकच पालक असतो असं धरून चालते. इथे विधान शेऱ्यासकट मागवा, दत्तक नातं तुटक रेषेने दाखवा आणि झाडाऐवजी दोन पालक चालतील अशी मांडणी घ्या. १८५३मध्ये तिसरे रघुजी वारले, दत्तकाचा हक्क नाकारला गेला आणि राज्य खालसा झालं. ज्या घराण्याच्या इतिहासात दत्तक हा इतका मोठा मुद्दा आहे, तिथे ती तुटक रेषा गाळून कसं चालेल?

राहिला लायब्ररीचा प्रश्न. तुमच्या पानासाठी लीफलेट, आणि तक्त्यासाठी साधं एचटीएमएल. बस. कालपट किंवा वंशावळ करायची झाली तर त्या एका पानापुरतं डी३ घ्या. गूगल चार्ट्स वाईट नाही, पण त्याचा कोड दर वेळी त्यांच्याच सर्व्हरवरून यावा लागतो, आणि तुमच्या गरजेपुरतं त्याच्याविना भागतं. नकाशाच्या खालच्या थरासाठी ओपनस्ट्रीटमॅप हा मुक्त नकाशा घ्याल, तर त्यांचा श्रेयनिर्देश कोपऱ्यात दिसलाच पाहिजे. शिवाय लीफलेटमध्ये किमान झूम ठरवून नकाशा नागपूर परिसरापुरताच ठेवा. पूर्ण देश दिसेल इतकं मागे जाऊ दिलं, तर त्या थरावर भारताच्या सीमा सर्व्हे ऑफ इंडियाच्या नकाशाप्रमाणे दिसत नाहीत, आणि सार्वजनिक संस्थेच्या पानावर ती अडचण ओढवून घेण्याचं कारण नाही.

सुरुवात करताना चित्राला हातच लावू नका. आहे ती क्वेरी चालवा, उत्तर सीएसव्हीत उतरवा आणि स्प्रेडशीटमध्ये ठिकाणाच्या रकान्यावरून क्रम लावा. कुठलं ठिकाण किती वेळा आलंय, कुठे निर्देशांक रिकामे आहेत, कुठे नावाच्या जागी क्यू आहे, हे तासाभरात कळेल. ते हाताशी आलं की क्वेरीसकट इथे टाका. गट करण्याचा कोड आपण त्याच्यावरच लिहू.